कृष्णेच्या माहेरीं

सातारचें आणि सांगलीचें अशीं आमचीं दोन बिऱ्हाडें दिवाळीला एकत्र जमतात, ही वहिवाट घरांत फार जुनी आहे. एक वर्ष सातारा, एक वर्ष सांगली. गेल्या दिवाळींत पाळी सांगलीची होती. फराळ झाला, पानसुपारी झाली, आणि व्हिएन्नास नोकरीला असलेल्या आमच्या पुतण्यानें आपल्या उन्हाळी सहलीचीं छायाचित्रें माजघरांतील भिंतीवर दाखविण्यास आरंभ केला. क्रोएशिया देशाच्या किनाऱ्यावर ओपाटिया म्हणून एक गांव आहे, तेथें तो चार दिवस राहून आला होता. निळाशार समुद्र, त्याच्या कांठाकांठानें बारा किलोमीटर चालत जातां येईल अशी वाट, जुन्या थाटाचीं पिवळीं-पांढरीं हॉटेलें आणि बागांतून कॅमेलियाचीं झाडें. गांवाची हकीकतही त्यानें रसाळपणें सांगितली. मूळ तेथें एक मठ होता. मठावरूनच गांवाचें नांव पडलें. १८४४ सालीं स्कार्पा नांवाच्या एका धनिकानें आपल्या पत्नीच्या नांवानें तेथें एक टुमदार वाडा बांधला. पुढें आगगाडी जवळ आली, १८८४ त पहिलें मोठें हॉटेल उघडलें, १८८९ त ऑस्ट्रियाच्या सरकारनें त्या गांवास आरोग्यस्थान म्हणून जाहीर केलें, आणि बादशहापासून छातीच्या रोग्यापर्यंत सगळे तेथें हवा खावयास येऊं लागले.

काकू चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन हें सर्व लक्षपूर्वक ऐकत होत्या. त्यांनीं निवाडा दिला, "म्हणजे आधीं देव, मग साहेब, मग हॉटेलं. हें तर आपलं महाबळेश्वरच कीं रे! तिथंही असंच आहे ना?"

पुतण्या गप्प झाला. महाबळेश्वर त्यानें पाहिलेलें नव्हतें.

मग मोठी मौज झाली. माजघरांत चौदा माणसें होतीं. त्यांपैकीं तिघांनीं युरोप पाहिला होता, सहाजणांनीं काश्मीर पाहिलें होतें. परंतु महाबळेश्वरला एक रात्र तरी राहिलेलें माणूस एकही निघालें नाहीं. आम्ही स्वतः सातारचे, आणि महाबळेश्वर तेथून पस्तीस मैल. पाहुणे आले कीं त्यांना दाखवावयास म्हणून जावयाचें, मक्याचीं कणसें खावयाचीं, आणि अंधार पडण्यापूर्वीं घाट उतरावयाचा. काकू सासूबाईंबरोबर सहा वेळां क्षेत्रास गेलेल्या, पण एस. टी. नें जाऊन, स्नान-दर्शन उरकून, त्याच दिवशीं परत. पेठेंत पाऊल टाकलेलें नाहीं. एका नांवाखालीं तेथें दोन गांवें नांदत आहेत, एक पुण्य जोडण्याचें आणि एक हवा खाण्याचें. दोहोंत अंतर चार मैलांचें. तरी आमच्यासारखीं घरें पहिलें पाहून परत येतात, आणि मुंबईची मंडळी दुसरें पाहून. 'तें शेटजींचें आणि नवविवाहितांचें गांव, आपलें तेथें काय काम,' ही समजूत आमच्याकडे इतकी मुरलेली आहे कीं, तिच्याविषयीं कोणी विचारही करीत नाहीं.

त्याच रात्रीं ठरलें. मार्गशीर्षांत दोन्ही बिऱ्हाडांनीं मिळून चार दिवस जावयाचें. काकू मात्र म्हणाल्या, "तुम्ही जा. मला त्या बाईच्या दारांत जायचं नाहीं."

'ती बाई' म्हणजे कृष्णा.

हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. सांगलीचें घर गांवभागांत, नदीपासून हांकेच्या अंतरावर आहे. काकू लग्न होऊन त्या घरांत आल्यापासून दर पावसाळ्यांत नदी दुथडी भरली कीं खण-नारळ घेऊन घाटावर जावयाचें आणि कृष्णामाईची ओटी भरावयाची, हा नेम त्यांनीं कधीं चुकविला नाहीं. २००५ चा पूर उंबऱ्याला लागून परत गेला, तेव्हां 'माहेरवाशीण दारापर्यंत येऊन गेली' असें त्या कौतुकानें सांगत. ऑगस्ट २०१९ मध्यें ती दाराशीं थांबली नाहीं. आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें. काका-काकूंना नावेंत बसवून विश्रामबागेंत नातलगांकडे न्यावें लागलें. आठवड्यानें परत आलों तों तळमजल्यावर हातभर गाळ. देव्हाऱ्यांतले टाक चिखलांत सांपडले. तांब्यापितळेचीं भांडीं घासून निघालीं. काकांच्या पुस्तकांचा मात्र लगदा झाला, त्यांत १८८५ चें सातारा जिल्ह्याचें गॅझेटियर होतें. आणि खालच्या कपाटांत कापडांत गुंडाळून ठेवलेलें एक छायाचित्र गेलें. काकूंची थोरली मुलगी अकराव्या वर्षीं तापानें वारली. तिचें तेवढेंच एक छायाचित्र होतें.

पुस्तकांविषयीं काका पुष्कळ बोलले, अजून बोलतात. छायाचित्राविषयीं काकू अवाक्षर बोलल्या नाहींत. पण त्या वर्षापासून त्यांचें घाटावर जाणें बंद झालें. तें पाणी कोयनेचें कीं अलमट्टीचें, ह्या वादावर सांगलींत माणसें अजून हातघाईवर येतात. काकूंच्या लेखीं वाद नव्हताच. चाळीस-पन्नास वर्षें जिची ओटी भरली, ती घरांत शिरून नेऊं नये तें घेऊन गेली.

अखेरीस काकांनीं तोड काढली. "मी जाणार. गुडघे दुखतात, तेव्हां कोणी धरायला लागेल. पण तुला नसेल जमत तर राहूं दे." काकूंनीं रात्रीं मुकाट्यानें पिशवी भरली.

सातारहून मेढ्यावरून केळघरचा घाट चढतांना हवेंतला फरक अंगाला कळतो. खालीं भाताचीं कापलेलीं खाचरें, मग कारवीचीं रानें, आणि माथ्यावर आलें कीं जांभ्याची तांबडी माती व तिच्यावर जांभूळ, हिरडा, अंजन ह्यांचीं ठेंगणीं, दाट, सदा हिरवीं झाडें. वाऱ्यापावसाच्या माऱ्यानें त्यांना उंच वाढूं दिलेलें नाहीं. साडेचार हजार फुटांवरची ही सपाटी. पेठेंत शिरतांना मोटारींची रांग इतकी लांब होती कीं, शेवटचा मैल चालत गेलों असतों तर लवकर पोहोंचलों असतों. उतरण्याच्या जागेविषयीं न बोललेलें बरें. जाहिरातींत पाहिलेली खिडकी आणि प्रत्यक्ष मिळालेली खिडकी ह्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नव्हता. परंतु त्या जागेंत एक स्वयंपाकघर होतें, आणि तें पाहतांच घरांतल्या बायका संवयीनें कामाला लागल्या. दुसरे दिवशीं सकाळीं दहा वाजले तरी पोळ्याच चालल्या आहेत असें पाहून आमच्या सौभाग्यवतींनीं लाटणें खालीं ठेवलें आणि शांतपणें विचारलें, "हवापालट फक्त फुप्फुसांना करायचा कीं आमच्या हातांनाही?" त्यानंतर चारही दिवस आम्ही खानावळींत जेवलों. ही गोष्ट लिहूं नये असें एकानें सुचविलें होतें. आम्हांस ती लिहिण्याजोगी वाटते.

काकांचें गॅझेटियर गेलें असलें तरी त्यांतलें डोक्यांत राहिलेलें कांहीं गेलें नव्हतें. लॉडविक पॉइंटवर वारा खात बसलों असतां त्यांनीं पेठेचा सबंध इतिहास सांगितला. समोर प्रतापगड उन्हांत स्वच्छ दिसत होता. १८२४ सालीं सातारच्या इंग्रज फौजेचा अधिकारी लॉडविक हा ह्या डोंगरावर चढून आला आणि येथील थंड हवेची वार्ता त्यानें आपल्या लोकांत पसरविली. मग सातारचा रेसिडेंट ब्रिग्ज ह्यानें येथें बंगला बांधला आणि प्रतापसिंह महाराजांकडून सातारपासून वरपर्यंत उत्तम रस्ता करवून घेतला. १८२८ सालीं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यानें आजारी गोऱ्या शिपायांसाठीं येथें आरोग्यस्थानाचा घाट घातला, आणि १८२९ च्या तहानें महाराजांनीं हा मुलूख कंपनीला देऊन त्याच्या बदल्यांत खंडाळा हें गांव घेतलें. नव्या वस्तीचें नांव माल्कमपेठ.

"आणि मग?" पुतण्यानें विचारलें.

"मग काय! दहा वर्षांत, १८३९ सालीं, त्याच कंपनीनें महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठविलं. १८४७ त तिथंच गेले ते. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले, वर्षानुवर्षं उंबरठे झिजविले. कांहीं झालं नाहीं. मागाहून बसविलेले आप्पासाहेब महाराज. त्यांनीं १८४२ त हा वेण्णा तलाव बांधला. १८४८ त ते वारले आणि राज्यच खालसा झालं."

काका जरा थांबले आणि खालीं दरीकडे बोट करून म्हणाले, "रस्ता सातारच्या राजाचा, तळं सातारच्या राजाचं, डोंगर तर त्याचाच. आणि नांवं पाहा: लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर, विल्सन. लॉडविकच्या मुलानें १८७४ त बापाच्या नांवाचा हा खांब उभारला, तें योग्यच केलं. आपण मात्र सातारला बसून म्हणतों, तें गांव आपलं नव्हे."

ह्यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

नांव न उरलेली आणखी एक मंडळी आहे. माल्कमपेठेंत पूर्वीं तुरुंग होता आणि त्यांत हजारो मैलांवरून समुद्रापार आणलेले चिनी व मलायी बंदिवान ठेवीत. इंग्रजांच्या बंगल्यांना लागणाऱ्या बटाट्याच्या, विलायती भाज्यांच्या बागा त्यांनीं फुलविल्या; वेताच्या टोपल्या, खुर्च्या केल्या. १८६४ सालीं तुरुंग बंद झाला. एका धबधब्याला अजून 'चायनामन फॉल' म्हणतात, एवढीच त्यांची खूण. आज येथील स्ट्रॉबेरीचा देशभर बोलबाला आहे, २०१० सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु तांबड्या मातींत परदेशी रोप जगवावयाचें कसें, ह्याचे पहिले धडे ह्या डोंगराला त्या अनामिक कैद्यांनीं दिले असावेत, असें आम्हांस राहून राहून वाटतें. दुपारीं एका शेतांत गेलों. मोसमाची सुरुवात असल्यामुळें फळ थोडें होतें. शेतकऱ्याच्या पत्नीनें काकूंच्या ओंजळींत पांचसहा फळें घातलीं. काकूंनीं एक चाखलें, आणि "रंगाच्या मानानें आंबट" एवढाच अभिप्राय देऊन उरलेलीं नातवंडांस वांटून टाकलीं. येथील मध मात्र त्यांना पसंत पडला. जांभळीच्या आणि कारवीच्या फुलांचा तो मध. शेजारचें मांघर हें गांव तर २०२२ पासून 'मधाचें गांव' म्हणून ओळखलें जातें.

तिसरे दिवशीं सकाळीं क्षेत्रास निघालों. पेठेचा गलबला मागें पडला आणि दाट झाडींतून जाणारा चार मैलांचा रस्ता लागला. क्षेत्राचें रूप अगदीं निराळें. काळ्या दगडाचीं ठेंगणीं देवळें, दुकानांतून फुलें, बुक्का आणि रुद्राक्ष, अनवाणी चाललेलीं खेड्यांतलीं माणसें. महाबळेश्वराचें स्वयंभू लिंग, त्याच्या अंगावर पाण्यानें झिजविल्यासारखे खळगे. ह्याच देवापुढें शिवाजी महाराजांनीं जिजाबाईंची सुवर्णतुला केली. जवळच पंचगंगेचें देऊळ. एका भिंतीच्या पायथ्याशीं कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्यांचे झरे ओळीनें दाखवितात. भागीरथी बारा वर्षांनीं आणि सरस्वती साठ वर्षांनीं प्रकट होते असें सांगतात. सर्वांचें पाणी एकत्र येऊन गोमुखांतून कुंडांत पडतें.

नातवंडांना गोष्ट हवी होती, आणि ती काकूंखेरीज सांगणार कोण? ब्रह्मदेवानें येथें यज्ञ मांडला. मुहूर्त आला तरी सावित्रीचें आवरेना, म्हणून गायत्रीला पाटावर बसविलें. सावित्री येऊन पाहते तों आपल्या जागीं दुसरी. तिनें शाप दिला कीं, तुम्ही सारे पाणी व्हाल. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. "आणि स्वतः सावित्री?" धाकट्या नातीनें विचारलें. "तीही नदीच झाली. पण रागावलेली ना! ती ह्यांच्याबरोबर गेली नाहीं. हे तिघे इकडे देशावर उतरले, तिनें पलीकडे कोंकणांत उडी टाकली."

भूगोलाच्या दृष्टीनेंही ही गोष्ट खोटी नव्हे. वेण्णा सातारजवळ संगम माहुलीस कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडास समोरासमोर येऊन भेटते, आणि त्या साऱ्यांचें पाणी घेऊन कृष्णा सांगलीच्या घाटावरून पूर्वसमुद्राची वाट धरते. सावित्री मात्र कोंकणांत उतरून बाणकोटला पश्चिमसमुद्रास मिळते. येथें वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्यें एकाच चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर कोसळला. सांगलीस सबंध वर्षांत जवळजवळ तेवढाच पडतो. खालीं धोम, कण्हेर, कोयना अशीं धरणें आहेत खरीं. पण ह्या छपरावर असा पाऊस लागला कीं पुढें आठ दिवसांत काय व्हावयाचें, तें आमच्या घराला चांगलें ठाऊक आहे.

सर्वांनीं गोमुखाखालीं हात धरले, कोणी तीर्थ घेतलें, कोणी डोक्याला लावलें. काकू दाराशीं खांबाला टेकून उभ्या होत्या. सूनबाईनें "आई, या ना," म्हणून हांक मारली. "ह्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसायच्या नाहींत, मी थांबतें ह्यांच्यापाशीं," असें म्हणून त्या बाहेर काकांजवळ जाऊन बसल्या. कोणी आग्रह केला नाहीं.

तेथून पुढें आर्थर सीटला गेलों. महाबळेश्वरचे बहुतेक पॉइंट एकासारखे एक वाटतात आणि दोन दिवसांत मनुष्य कंटाळतो, हें आम्ही लपवीत नाहीं. आर्थर सीटची गोष्ट वेगळी. डोंगराची धार येथें इतकी अरुंद होते कीं, एका हाताला सावित्रीचें खोल, कडेतुटलें खोरें आणि दुसऱ्या हाताला जोरकडचें कृष्णेचें उथळ, हिरवें खोरें, दोन्ही एकाच दृष्टींत येतात. एका हाताचें पाणी अरबी समुद्रास, दुसऱ्या हाताचें बंगालच्या उपसागरास. पायाखालीं कोंकण धुरकट दिसत होतें.

तेथें एका वयस्क वाटाड्यानें नांवाची हकीकत सांगितली. आर्थर मॅलेट नांवाचा एक इंग्रज अंमलदार होता. त्याची पत्नी आणि तान्हें मूल बाणकोटच्या खाडींत, सावित्रीच्या मुखाशीं, बुडून गेलीं. त्यानंतर तो ह्या कड्यावर येऊन बसे आणि खालीं त्या नदीच्या खोऱ्याकडे पाहत राही. काकांनीं सालांविषयीं कांहीं शंका काढण्यास तोंड उघडलें, तों सौभाग्यवतींनीं डोळ्यांनींच त्यांना थांबविलें.

काकूंनीं विचारलें, "ह्याच नदींत गेलीं?"

"होय आजी. ती खालीं दिसते तीच."

"आणि तिच्याकडेच बघत बसायचा?"

"असं म्हणतात."

काकू कठड्यापाशीं गेल्या. वारा एवढा होता कीं त्यांचा पदर एका हातानें धरून ठेवावा लागत होता. मुलें माकडांच्या मागें धांवत होतीं, कोणी छायाचित्रें घेत होतें. पाव तास तरी त्या तशाच उभ्या होत्या. एका इंग्रजाचें दुःख आणि आमच्या काकू ह्यांचा संबंध काय, असें कोणी म्हणेल. आम्ही त्या वेळीं कांहीं विचारलें नाहीं, पुढेंही विचारणार नाहीं. गाडींत बसतांना त्या एवढेंच म्हणाल्या, "देवळाशीं पुन्हां थांबायचं हं."

देवळांत ह्या वेळीं गर्दी नव्हती. काकूंनीं काकांना पायरीवर बसविलें, सूनबाईच्या हातून तांब्या घेतला, आणि त्या एकट्याच आंत गेल्या. आम्ही चपला काढून मागोमाग गेलों आणि दाराशींच थांबलों. गोमुखांतून पडणारी धार मनगटाएवढी. त्यांनीं तिच्याखालीं हात धरला, काढला, पुन्हां धरला. मग तोंडावर पाणी मारलें. लहान मुलीशीं बोलावें तशा स्वरांत त्या म्हणाल्या, "एवढुशी कां ग तूं इथं?"

तांब्या भरून त्या बाहेर आल्या. कोणीसें विचारलें, "देवाला नेणार कीं काय?" "छे, वाटेंत तहान लागेल ना," असें उत्तर मिळालें. तें पाणी सायंकाळपर्यंत खरोखरच सर्वांनीं पिऊन संपविलें.

संध्याकाळीं वेण्णा तलावावर नातवंडांनीं नावेंत बसावयाचा हट्ट धरला. काकू पुरानंतर नावेंत बसल्या नव्हत्या. त्या कांठावर बसल्या, काकांच्या गुडघ्यांना तेल चोळण्याची ती वेळ असल्यामुळें त्यांना सक्तीची रजाही होती. शेवटचे दिवशीं मुंबई पॉइंटवर सूर्यास्त पाहिला. आकाश निवळ असलें तर येथून समुद्राची रेघ दिसते. पुतण्या फार वेळ डोळे ताणून पाहत होता. आम्हांस ती धुक्याची वाटली, त्याला समुद्राची. काकू म्हणाल्या, "दिसला असं समज. तुझ्या त्या गांवाला समुद्र पायाशीं आहे, आमच्याला डोळ्यांच्या टोकाशीं आहे, एवढाच फरक." पुतण्यानें एक फरक आणखी सांगितला. तिकडे त्या किनाऱ्यावरच्या वाटेवर मैलोगणती चाललें तरी कागदाचा कपटा आढळत नाहीं. येथें कठड्याखालीं बाटल्या आणि पिशव्या ह्यांचा खच होता. २००१ सालीं हा सर्व टापू सरकारनें संवेदनशील म्हणून राखीव ठरविला. पण राखणें हें कागदावर होत नसतें. ज्या पाण्याच्या डोक्यावर आपण ही घाण टाकतों, तेंच पाणी आपल्या नळास येतें, हें निदान सातारा-सांगलीच्या माणसानें तरी विसरूं नये; मुंबईकरांना बोल लावण्यापूर्वीं आमच्या गाडींतल्या मुलांनीं टाकलेलीं कणसांचीं बुरखुंडें आम्ही उचलून आणलीं.

परततांना पांचगणी-वाईचा रस्ता घेतला. बारा मैलांत पाऊस निम्म्याहूनही कमी होतो आणि झाडें उंच होतात. जॉन चेसन ह्यानें महाबळेश्वरापेक्षां पांचगणी निवडली ती ह्यासाठींच. पेठेंतील साहेबलोकांना मृगाचा पाऊस लागला कीं बंगले गवतानें शाकारून खालीं पळावें लागे, पांचगणींत बारा महिने राहतां येई. १९१२ त डॉ. बिलिमोरिया ह्यांनीं येथें क्षयरोग्यांसाठीं बेल एअर आरोग्यधाम काढलें. औषध निघण्यापूर्वींचा तो काळ. स्वच्छ हवा, दूध आणि विश्रांति एवढाच उपाय. त्या काळीं 'पांचगणीस नेलें' हे शब्द घरांत हलक्या आवाजांत उच्चारीत, असें काका म्हणाले. पसरणीचा घाट उतरून वाईस आलों. येथें कृष्णा अंगानें भरते, घाट बांधण्याजोगी होते. ढोल्या गणपतीचें दर्शन झालें. काकूंनीं घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाय बुडविले आणि वर येऊन चहा मागितला.

हें लिहून ठेवून सहा महिने होत आले. परवां आषाढांत सांगलीहून काकांचा फोन आला. पाणी घाटाच्या पायऱ्या चढूं लागलें आहे. काळजीचें कारण नाहीं. सौ. काकू सूनबाईला घेऊन मघांच घाटावर गेल्या आहेत, खणाच्या दुकानाशीं थांबून. "मी मात्र," काका म्हणाले, "सकाळपासून पुस्तकं वरच्या मजल्यावर नेतों आहें. आणि तें सातारचं गॅझेटियर जुन्या बाजारांत कुठं मिळतंय कां, तेवढं बघ."